भोरड्या गेल्या कधी? शिमगा ते आखाजी, खानदेशातल्या परतीच्या पक्ष्यांची वही

पट्टकादंब हे रानहंस हतनूर धरणावर कधी उतरले, निळ्या गळ्याचा पहिला शंकर पक्षी काठावरच्या गवतात कधी दिसला, हे जळगाव-भुसावळकडचे पक्षीनिरीक्षक तारखेसकट सांगतात. तेच पक्षी गेले कधी, असं विचारलं की उत्तर येतं, ‘फेब्रुवारीपर्यंत तरी होते.’ या ‘तरी’मुळे नोंदींचं फार नुकसान होतं. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची अंगणातली पक्षीगणना होते आणि त्यानंतर दुर्बिणी कपाटात जातात. कारण उघड आहे. मार्चपासून ऊन तापतं, परीक्षा असतात, दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा काढायचा असतो. पण पक्ष्यांची खरी हालचाल याच काळात चालते. वर्षातला सगळ्यात रंगीत आणि ओळखायला सगळ्यात सोपा पिसाराही याच दिवसांत दिसतो.

पक्षी येतात ते थव्याने, गाजावाजा करत. जातात मात्र गुपचूप, बरेचसे रात्री. शेवटचा पक्षी कोणता हे तो दिसताना कळत नाही, पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत दिसला नाही की मग कळतं. त्यामुळे शेवटची तारीख मिळवायची तर पक्षी नसतानाही जावं लागतं आणि ‘नाही’ असं लिहावं लागतं. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

खानदेशाची ठेवण आधी डोळ्यांसमोर आणू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेला वाहणारी तापी. भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण आहे. त्याचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडले की बातमी होते. या धरणाचा फुगवटा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाच्याही वर पसरलेला असतो. धरणात गाळ खूप साचलेला असल्याने पाणी थोडं उतरलं तरी मोठा उथळ काठ उघडा पडतो. बदकांना आणि चिखल्यांना हवा असतो तो हाच काठ. पुढे वाघूर, सुकी, अनेर, धुळ्याजवळचा नकाणे तलाव, तापीवरचे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज, वर तोरणमाळचा यशवंत तलाव. जळगावात राहणाऱ्याला मेहरूण आहेच. या सगळ्या पाणथळींचं पाणी एकाच वेगाने उतरत नाही, आणि मोजणीत चूक होते ती इथेच. एका जागेवरून बदकं दिसेनाशी झाली याचा अर्थ ती सायबेरियाला निघाली असा लगेच काढायचा नसतो. हतनूरचा एखादा कोपरा कोरडा पडला म्हणून ती वाघूरला गेलेली असू शकतात. म्हणून दोन जागा धराव्यात, एक मोठी आणि एक लहान, आणि दोन्ही एकाच आठवड्यात बघाव्यात. दोन्हीकडून पक्षी गेला तर त्या तारखेला काही अर्थ.

पद्धत साधी आहे. १५ फेब्रुवारी ते १५ मे, दर ७ दिवसांनी एक फेरी. एकूण १३ फेऱ्या होतात. जागा ठरलेली, उभं राहायचा दगड किंवा बांध ठरलेला, वेळ ठरलेली आणि मोजणी बरोबर ३० मिनिटं. सूर्योदय हा धागा धरावा, घड्याळ नाही. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि मेच्या मध्यावर पावणेसहाच्या आसपास. जो सदासर्वदा सात वाजता जातो, तो मे महिन्यात सूर्योदयानंतर सव्वा तासाने मोजत असतो आणि आकडे कमी आले की पक्षी घटले असं समजतो. सूर्योदयानंतर १५ मिनिटांनी सुरुवात हे गणित तिन्ही महिने चालतं.

होळी, पाडवा, आखाजी (अक्षय तृतीया) हे सण आठवणीला उपयोगी आहेत, पण वहीत तारीख इंग्रजी महिन्याचीच लिहावी. अधिक महिन्यामुळे आखाजी कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी मेच्या मध्यावर. पक्ष्यांचं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं. डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांच्या आत असतो, २०-२१ मार्चला बारा तासांवर येतो आणि जूनमध्ये साडेतेरा तासांच्या जवळ जातो. वाढणाऱ्या उजेडाने पक्ष्यांच्या शरीरातले संप्रेरकांचे बदल सुरू होतात. भूक वाढते, कातडीखाली आणि पोटाशी चरबी साठते, रात्री अस्वस्थपणा येतो. लहान पक्ष्यांत लांब उड्डाणाआधी वजन कितीतरी वाढतं. मार्चमध्ये तुताऱ्या आणि टिलवे हे काठावरच्या चिखलात चरणारे पक्षी जरा पोटाळ दिसतात ते त्यामुळे. याच दिवसांत त्यांना दहा वेळा उडवलं तर साठवलेलं इंधन इथेच जळतं. फोटोसाठी बदकांच्या थव्यात होडी घालू नये असं कळकळीने सांगतो, ते यासाठी. माना ताठ झाल्या, चरणं थांबलं, सगळी तोंडं एका दिशेला वळून थवा हळूहळू दूर पोहू लागला, की आपण आधीच जास्त जवळ गेलेलो असतो. तिथेच थांबावं. दोन पावलं मागे यावं. पाच मिनिटांत ती परत चरायला लागतात.

जाण्याचा क्रम साधारण असा दिसतो. करकोचे, पट्टकादंब आणि चक्रवाक आधी. काढलेल्या हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या रानात सांडलेलं टिपणारे करकोचे मार्चमध्ये निघतात. थव्यात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. कांड्या करकोच्याचा गळ्याचा काळा रंग छातीवर लांब लोंबत्या पिसांपर्यंत उतरतो आणि कानामागे पांढरा झुपका असतो. दुसऱ्या, मोठ्या करकोच्याची मान पुढून काळी, बाजूने पांढरी आणि टाळूवर लाल डाग. उडताना आवाजावर विसंबण्यापेक्षा छाती बघावी. पट्टकादंब मार्च संपेपर्यंत बहुतेक गेलेले असतात. उपग्रह-यंत्र लावलेल्या पट्टकादंबांची हिमालय ओलांडताना ७,२९० मीटरपर्यंत उंची नोंदली गेली आहे. आपल्या गाळपेरीत हरभऱ्याचे कोंब खाणारा पक्षी तो हाच. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब भारतात अनेक ठिकाणी दिसले आहेत, म्हणून थव्यातल्या प्रत्येक मानेवरून दुर्बीण फिरवावी. पट्टा दिसला तर रंग, अक्षरं आणि ती वरून खाली वाचली की खालून वर, हे तिथल्या तिथे लिहावं. पायात कडी असेल तर डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, हेही लागतं. ‘पायात काहीतरी होतं’ एवढ्यावर कुणीच काही शोधू शकत नाही.

बदकांत तलवार बदक आणि तरंग बदक लवकर निघतात. गडवाल आणि चक्रांग मार्चभर कमी होत जातात. थापट्या एप्रिलपर्यंत रेंगाळतो आणि सगळ्यात शेवटी भुवई बदक, ते अगदी मेच्या तोंडावरही भेटू शकतं. इथे ओळखीत नेहमी घोटाळा होतो तो भुवई बदकाच्या आणि चक्रांगाच्या मादीत. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी. भुवईच्या मादीच्या चेहऱ्यावर पट्टे ठळक असतात, डोळ्यातून एक गडद रेघ जाते, गालावर दुसरी, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगाच्या मादीचा चेहरा साधा आणि शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट रेघ. नरांची अडचण वसंतात राहतच नाही. ऑक्टोबरात बहुतेक नर मादीसारख्याच मळकट पिसाऱ्यात असतात, फेब्रुवारीपर्यंत ते पूर्ण रंगात येतात. नवशिक्याने बदकं ओळखायला ऑक्टोबरात सुरुवात करू नये, मार्चमध्ये करावी, असं माझं ठाम मत आहे. पाण्यावरचे लांबवर दिसणारे काळे ठिपके मात्र आधी वेगळे काढावेत. ते बहुतेक वेळा वारकरी असतात, बदकं नव्हेत. पांढरं कपाळ, गोल पाठ, पोहताना मान पुढेमागे. हजार ‘बदकांच्या’ कितीतरी नोंदी खरं तर वारकऱ्यांच्या असतात.

मे महिन्यात ‘अजून चार बदकं आहेत’ असं कुणी सांगितलं तर ते खरं असतं, पण ती हळदी-कुंकू बदकं असतात. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, नाव अगदी बरोबर पडलं आहे. ती इथलीच. अडई, नकटा, चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचा हेही पाणी आटेल तसे या तळ्यावरून त्या तळ्यावर हिंडतात. एप्रिलमध्ये आटत्या डबक्यात मासे कोंडले जातात तेव्हा या मंडळींची अचानक गर्दी होते, आणि मग ‘स्थलांतरित पक्ष्यांचं आगमन’ अशी बातमी छापून येते. ही स्थानिक फिरती आहे. वहीत तिचं पान वेगळं ठेवावं.

एखादं खरोखरचं परदेशी बदक मेमध्ये एकटं दिसलं तर आधी त्याचे दोन्ही पंख नीट बघावेत. एक पंख लोंबतोय का, थवा उडाला तरी ते पाण्यावरच राहतंय का. जायबंदी किंवा जाळ्यात पिसं तुटलेला पक्षी मागे राहतो, आणि ती तारीख प्रवासाची म्हणून धरता येत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशी उशिराची नोंद टाकली की ती तपासणीला थांबते आणि पुरावा मागितला जातो. म्हणून हललेला, धूसर असला तरी फोटो काढावा आणि टिपेत ‘उडताना पाहिलं’ किंवा ‘उडालं नाही’ एवढं तरी लिहावं.

भोरड्या

खानदेशातल्या वसंताचा पक्षी एकच निवडायचा तर मी भोरडी निवडेन. पळस मैना, गुलाबी मैना, नावं काहीही घ्या. पळस, काटेसावर आणि पांगारा फुलले की ती त्या झाडांवर असते, आणि दादर कणसात भरली की दादरीवर. त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडी तिचं नाव चांगल्या अर्थाने येत नाही. माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्याला ‘ही पाहुणी आहे’ असं सांगून उपयोग नाही, त्याचं पीक खरंच जातं. पण हीच भोरडी नांगरटीमागे आणि गवताळ बांधांवर टोळ-नाकतोडे खाते. तिचा विणीचा मुलूख पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतचा गवताळ भाग आहे. तिथे तिची पिल्लं मुख्यतः टोळांवर वाढतात. चीनच्या शिनच्यांगमध्ये टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांच्या घरट्यांच्या भिंती रचतात.

नर भोरडीचा गुलाबी-काळा रंग मार्चमध्ये उजळतो तो नवी पिसं येऊन नव्हे. हिवाळ्यात पिसांची टोकं मळकट तपकिरी असतात, ती झिजून गळतात आणि खालचा रंग उघडा पडतो. म्हणून फेब्रुवारीत थव्यातले निम्मे पक्षी मळके दिसले तरी ती वेगळी जात समजू नये. कृष्ण थिरथिरा आणि काळ्या डोक्याचा भारीट यांचंही असंच झिजून उजळतं.

भोरड्या मोजायच्या तर सकाळी शेतात नको, संध्याकाळी रातथाऱ्याच्या, म्हणजे रात्री एकत्र झोपायच्या जागेच्या वाटेवर. बाभूळबन, ऊस, पाणकणसाचं बेट अशा जागी सूर्यास्ताच्या सुमारास थवे येतात. रातथाऱ्यापासून २०० ते ३०० मीटर अलीकडे उभं राहावं, विजेचा एक खांब रेघ म्हणून धरावा आणि खांब ओलांडणारे पक्षी मोजावेत. सूर्यास्तापूर्वी २० मिनिटांपासून सूर्यास्तानंतर १० मिनिटांपर्यंत, एक मिनिट मोजायचं, एक मिनिट लिहायचं. १५ मिनिटांची बेरीज दुप्पट केली की अंदाज मिळतो. पाच-दहा मिनिटंच मोजून तासाचा गुणाकार करणं चुकतं, कारण सूर्यास्ताच्या आसपास थवे एकदम दाटतात. मोठ्या थव्यात एकेक पक्षी मोजता येत नाही. आधी दहा पक्ष्यांचा ठोकळा डोळ्याने नीट मोजावा, तसे दहा ठोकळे म्हणजे शंभर केवढे दिसतात हे मनात ठसवावं आणि मग शंभराचे ठोकळे थव्यावर मांडत जावं. दोघं असाल तर आकडे एकमेकांना न सांगता लिहा, नंतर ताडा. बहुतेकजण मोठा थवा कमी मोजतात.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात संख्या एकाएकी उतरते. रातथारा एका आठवड्यात ओस पडतो. इथे मात्र सात दिवसांची फेरी पुरत नाही. १० एप्रिलपासून दर तीन दिवसांनी संध्याकाळी गेलं तरच भोरड्या टप्प्याटप्प्याने गेल्या की एका फटक्यात, ते समजतं. भोरडी दिवसा उडते, त्यामुळे सकाळी नऊच्या आत सरळ वायव्येकडे, न थांबता जाणारे थवे दिसले तर दिशा आणि वेळ लिहावी. चरायला जाणारा थवा झाडांवरून खालून जातो, वळतो, उतरतो. प्रवासाला निघालेला थवा उंच आणि सरळ जातो.

चिखल, झळा आणि दुर्बीण

काठावर उतरण्याआधी गाळाचं एक सांगायला हवं. हतनूरचा आणि बॅरेजच्या फुगवट्याचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि खाली गुडघाभर ओला असतो. मोठ्या, हातभर अंतराच्या भेगा पडलेली फिकट जमीन वजन धरते. भेगा बारीक आणि रंग गडद, चकचकीत असेल तिथे पाऊल टाकू नये. गुरांच्या खुरांच्या खुणा कुठवर गेल्या आहेत ते बघावं आणि त्या जिथे मागे वळतात तिथून आपणही वळावं. हातात काठी असावी आणि एकट्याने उतरूच नये.

तापी पश्चिमवाहिनी असल्याने काठ उत्तर आणि दक्षिण असे मिळतात. मेच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, म्हणून दक्षिण काठावरून उत्तरेकडे बघणं बरं. सकाळी त्या काठाचं पूर्वेकडचं टोक धरावं, संध्याकाळी पश्चिमेकडचं. उलट्या काठावरून सगळे पक्षी काळ्या आकृत्या दिसतात, आणि मार्चमध्ये जे रंग बघायला आलो तेच हुकतात.

दुर्बीण ८×४२ची पुरे. ८ पट जवळ आणि ४२ मिलिमीटरचं भिंग, म्हणजे डोळ्यापाशी सव्वापाच मिलिमीटरचा उजेडाचा झोत मिळतो. पहाटेच्या अंधुक उजेडात तो १०×४२पेक्षा जास्त उपयोगी, आणि हातही कमी थरथरतो. टेलिस्कोप असेल तर तो ६० पटींवर नेण्याचा मोह मार्चनंतर आवरावा. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या गाळावरून हवा थरथरू लागते आणि जितकं मोठं करू तितकी ती थरथर मोठी होते. तेव्हा २० ते २५ पटींवर यावं आणि एखाद्या टेकाडावर चढावं, कारण जमिनीलगतची हवाच सगळ्यात जास्त हलते. कोरड्या गाळावरून पलीकडे बघण्यापेक्षा पाण्यावरून बघितलेलं चित्र स्थिर असतं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. माणशी २ लिटर पाणी आणि साडेनऊला परत, यात तडजोड नको.

चिखल्या-तुताऱ्या या काळात मन लावून बघाव्यात. तीन तुताऱ्या एकाच काठावर असतात. पाठ गडद, पोट पांढरंशुभ्र, उडताना पाठीमागे पांढरा चौकोन झळकतो आणि वरच्या पट्टीतली शीळ घालते ती हिरवी तुतारी. पाठीवर फिकट ठिपक्यांची रांगोळी, भुवई ठळक, पाय पिवळसर, ती ठिपकेवाली. सतत शेपटी वरखाली हलवत चालणारी, खांद्यापुढे पांढरा खाच असलेली आणि पाण्याला लागून ताठ पंखांनी थरथरत उडणारी ती सामान्य तुतारी. छोटा टिलवा मार्चअखेर तांबूस होतो, काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान विटकरी होते. पिवळ्या धोब्यांचे नर तर डोक्याच्या रंगावरून त्यांच्या विणीच्या मुलखांची नावं सांगतात. काही पूर्ण काळ्या डोक्याचे, काही गडद राखाडी, काही फिकट राखाडी आणि पांढऱ्या भुवईचे. पोटजातींची ही नोंद फक्त मार्च-एप्रिलमध्ये करता येते, हिवाळ्यात करू नये. माद्यांची तर कधीच नको.

बदकं आणि तुताऱ्या बहुतेक रात्री निघतात. म्हणून मार्चमध्ये निदान दोन-तीन संध्याकाळी काठावर अंधार पडेपर्यंत थांबावं. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासात एखादा थवा आवाज करत उठतो, एक-दोन चकरा मारत उंची घेतो आणि परत उतरत नाही. रोज शेतात चरायला जाणारा थवाही याच वेळी उठतो, पण तो खालून उडतो आणि जवळच्या रानाच्या दिशेने जातो. उंची आणि चकरा, यावरून फरक करावा. खात्री नसेल तर ‘उठला’ एवढंच लिहावं, ‘निघाला’ लिहू नये.

धरणावर जायला जमत नसेल तर गावातल्या आंब्याखाली उभं राहावं. एप्रिलमध्ये ब्लिथचा बोरू वटवट्या आणि हिरवट वटवट्या जाता जाता आमराईत, कडुनिंबात, केळीच्या बागेच्या कुंपणात थांबतात. दिसायला दोघंही अवघड, आवाजाला सोपे. दाट झुडपातून ‘चक्, चक्’ असं दगडावर दगड आपटल्यासारखं येतं तो बोरू वटवट्या, शेंड्यातून ‘च्वी’ असं दोन सुरांत येतं तो हिरवट. हिवाळाभर नुसती अशी हाक देणारे हे पक्षी निघायच्या सुमारास गायलाही लागतात. घराच्या गच्चीवरून १५ मिनिटांची यादी रोज केली तरी या दोघांची शेवटची तारीख मिळते, आणि ती धरणावरच्या बदकांच्या तारखेइतकीच मोलाची आहे. कृष्ण थिरथिऱ्याचंही तसंच. अंगणात शेपटी थरथरवणारा तो पक्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत जातो. गेला त्या दिवसाची नोंद सहसा कुणाकडे नसते.

भोवत्या या शिकारी पक्ष्यांचं मोजमाप गवताळ रानात संध्याकाळी करावं, कारण ते जमिनीवर एकत्र झोपतात. गवतात शिरू नये, लांबून बघावं. करड्या नरांतही पंखावर काळी पट्टी असलेला माँटेग्यूचा आणि पंखाच्या टोकाला नुसता काळा पाचर असलेला फिकट भोवत्या वेगळे ओळखता येतात. तपकिरी माद्या ‘भोवत्या, जात अनिश्चित’ म्हणून लिहिल्या तर काही बिघडत नाही.

सातपुड्याकडे किंवा अजिंठ्याच्या रांगेकडे वळलं की चित्र उलटं होतं. यावल अभयारण्यात, पाल, तोरणमाळ, पाटणादेवीच्या रानात मार्च-एप्रिलमध्ये पानगळ पूर्ण झालेली असते, अंजन-सागाखाली सगळं उघडं दिसतं आणि मोहाखाली पहाटे वर्दळ असते. इथे मेअखेरपर्यंत येणारे पक्षी मोजायचे. हळद्या, स्वर्गीय नर्तक, नवरंग आणि पावसाच्या तोंडावर चातक. नवरंगाची दोन सुरांची शीळ पहाटे आणि संध्याकाळी ओढ्याकाठच्या दाट झाडीतून येते, आणि पहिली शीळ हीच त्याची आगमनाची तारीख धरावी, दिसण्याची वाट बघू नये. ध्वनिमुद्रण वाजवून त्याला बाहेर काढू नये, तो हद्द आखण्याच्या दिवसांत असतो. रानपिंगळा या लहान घुबडाबाबत तर हे अजिबात नको. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता, १९९७च्या नोव्हेंबरात तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा सापडला. ११३ वर्षांनी. १८८४चा तो नमुना गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८२ साली पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादी छापली होती. हरवलेला पक्षी शोधायला कुठे जायचं, हे अशा जुन्या नोंदींमुळेच कळू शकतं.

पक्षी निघून जातात त्याच काळात तापीच्या पात्रात दुसरी गोष्ट चाललेली असते आणि तिच्याबद्दल फार वाईट वाटतं. पाणी उतरून उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर मार्च ते मे नदी सुरय, छोटा आर्ली, कंठेरी चिखल्या अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. त्याच वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या असतात. आखाजीला घागरीवर ठेवायचं डांगर इथूनच येतं, त्यामुळे वाड्या नकोत असं म्हणणारा मी नाही. ट्रॅक्टर आणि वाळूउपसा मात्र पूर्ण वसाहत एका दिवसात चिरडतो. शिवाय बॅरेजमधून एकाएकी सोडलेलं पाणी बेटं धुऊन नेतं. निरीक्षकाने काय करावं? बेटावर पाय ठेवू नये, बस. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागले की अंडी उघड्यावर पडलेली असतात, आणि एप्रिलच्या उन्हात ती थोड्याच वेळात भाजतात. लांबून बसलेले पक्षी मोजावेत, बेटाची जागा वहीत काढावी, आणि वाडी करणाऱ्याशी बोलावं. लांबून खळगा दाखवला की त्याभोवती चार काटक्या रोवून तेवढी जागा तो सोडू शकतो.

वहीच्या पानाची आखणी अशी ठेवा. तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, पाण्याची कड ठरलेल्या खुणेपासून किती पावलांवर, वारा, आणि मग यादीतल्या २० ठरलेल्या जातींपुढे आकडा. दिसली नाही तर रिकामी जागा सोडू नका, शून्य लिहा. रिकामी जागा म्हणजे बघितलं नाही, शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. पाण्याच्या कडेचा रकाना पहिल्यांदा निरुपयोगी वाटतो. दुसऱ्या वर्षी पक्षी आठवडाभर आधी गेले की नाही ते ताडताना त्याचाच आधार लागतो, कारण बदक दिवस वाढल्याने गेलं की पाणी आटल्याने, हे दुसऱ्या कशावरून कळणार नाही.

आणि १५ मेनंतर वही मिटू नका. दोन पानं जुलैसाठी ठेवा. हिरवी आणि सामान्य तुतारी, विण उरकून, जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला परत काठावर असते. भोरड्यांचे पहिले थवेही त्याच सुमारास येतात, कपाशी गुडघ्याएवढी असताना.